पाण्याचा ताळेबंद मांडता, मग कापसाचाही मांडा



आपल्या कोरडवाहू शिवारातल्या पाण्याची काळजी आता सातासमुद्रापलीकडे वाहिली जाते. 2023 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांची पाणी परिषद भरली. त्याआधीची तशी परिषद 1977 साली अर्जेंटिनात झाली होती. मधली 46 वर्षे आम्ही आभाळाकडे पाहून पेरण्या करीतच होतो, ती गोष्ट वेगळी. पाण्यासाठी देशादेशांनी सहकार्य करावे आणि विकास शाश्वत व्हावा, असे ही मंडळी म्हणतात. आम्हाला ते मान्य आहे. आमचा सवाल एवढाच की, या सहकार्यात आमचा वाटा धरला आहे, की नुसते आमचे नाव वापरले आहे?

लांब कशाला जायचे? हे सहकार्य बुलढाणा जिल्ह्यात येऊन पोचले आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला गावोगाव 'पोकरा' म्हणतात, तो 2018 साली सुरू झाला. पहिला टप्पा सुमारे 4 हजार कोटींचा. त्यातले 2800 कोटी जागतिक बँकेचे. ती मदत नव्हे, कर्ज आहे. फेडणार महाराष्ट्र, म्हणजे काडेपेटीपासून फवारणीच्या औषधापर्यंत कर भरणारे तुम्ही-आम्ही. दुसरा टप्पा 6 हजार कोटींचा.

या प्रकल्पात एक गोष्ट खरोखर चांगली आहे, ती आम्ही नाकारत नाही. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस पडला किती, वाहून गेला किती, मुरला किती, पिकाला लागला किती. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला तर हा हिशेब शिकवावा लागत नाही. तिथे विहीर खणली की खारे पाणी लागते. ते काळ्या रानाला दिले की रान चोपण होते. गोडे पाणी एकच, वरून पडेल ते. शेततळ्याचे मोल त्याला कळते. पण आधी पदरचे पैसे घाला, बिले जोडा, पाहणी होऊ द्या, मग अनुदान खात्यात येईल, हा त्याचा रिवाज. ज्याच्याकडे बियाण्याला पैसे नाहीत त्याने पदरचे घालायचे म्हणजे सावकाराचे घालायचे. अनुदान येईस्तोवर व्याजाने आपला घास खाऊन घेतलेला असतो.

आता आमचा ताळेबंद ऐका. एका एकरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 4 हजार लिटर पाणी. हंगामात 700 मिलिमीटर पडला तर 28 लाख लिटर. आपली कोरडवाहू कपाशी त्यातच भागवते. धरण नाही, कालवा नाही, पंप नाही. शाश्वत शाश्वत म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

तिकडे अमेरिकेत टेक्सासच्या पठारावर पुष्कळ कापूस ओगलाला नावाच्या भूजलसाठ्यातले पाणी उपसून काढतात. तो साठा कित्येक दशके खाली चालला आहे, पावसाने भरून निघत नाही. त्या शेतकऱ्याच्या पाठीशी तिथली सरकारी तिजोरी उभी असते. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतल्या कापूसवाल्या गरीब देशांनी 2003 साली जागतिक व्यापार संघटनेत याविरुद्ध गाऱ्हाणे मांडले. ब्राझील तर भांडला आणि 2005 साली जिंकला. जगाचा भाव पाडायचा भूजल उपसून, आणि मार खायचा पावसावर पिकवणाऱ्याने! पाणी परिषदेत या कापसाचा हिशेब कोण मागणार?

आणि आपली दिल्ली? 2025 च्या ऑगस्टात केंद्र सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपला पहिला-दुसरा वेचा बाजारात यायचा नेमका तोच काळ. मध्यम धाग्याच्या कापसाला त्या हंगामाचा हमीभाव 7710 रुपये जाहीर होता. पाणी जिरवायला सांगणारे सरकार आणि परक्या कापसाला दार उघडणारे सरकार, ही दोन सरकारे आहेत काय?

ज्वारीचेही तेच. 2023 हे भरडधान्यांचे वर्ष, भारताच्याच मागणीवरून संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेले. कमी पाण्यावर येणारी ज्वारी म्हणून मोठमोठ्या हॉटेलांत तिचे कौतुक झाले. आपल्या शिवारात तिची जागा सोयाबीनने केव्हाच घेतली होती. आम्हाला ज्वारीचा कंटाळा आला म्हणून नव्हे. कडबा मिळतो, घरात भाकर होते, हे कोणाला नको असते? पण पाखरे राखायची, डुकरे हाकलायची आणि शेवटी मातीमोल विकायची, हे परवडले नाही. कमी पाण्याचे पीक मोडले ते भावाने, आणि आता पाणी कमी वापरा म्हणून प्रशिक्षण मात्र आम्हालाच.

तेव्हा जिल्हा बैठकीला येताना प्रकल्पातल्या प्रत्येक गावाने आपला पाण्याचा ताळेबंद कृषी विभागाकडून लेखी मागून आणावा. तो आधी ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. त्याखाली आपण दोन रकाने वाढवू: या पाण्यावर किती क्विंटल पिकले, आणि खर्च वजा जाता घरात काय आले. कोरडवाहू शेतकऱ्याला अनुदान आधी आणि बिल नंतर, आणि कापूस बाजारात असताना आयातीला दार बंद, या दोन मागण्या त्या कागदासोबत जोडू. कर्ज देणाऱ्या बँकेचे पाहणी पथक गावात आले की हाच कागद त्यांच्या हाती द्यायचा. मराठीतलाच द्या, भाषांतराचा खर्च त्यांनी करावा.