बोलावणं कुणाचं, ते आधी पाहा

परीक्षा संपत आल्या की अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांतली मुलं शिफारसपत्रासाठी फोन करू लागतात. कुणाला नेपाळला जायचं असतं, कुणाला बालीला, कुणाला केनियाला. दोन-तीन आठवडे तिथल्या मुलांना शिकवायचं, शाळेची भिंत रंगवायची आणि प्रमाणपत्र घेऊन परतायचं. कार्यक्रमाची फी वेगळी, विमानाचं तिकीट वेगळं. परदेशी विद्यापीठात अर्ज करताना ही नोंद कामाला येते, असंही त्यांना सांगितलेलं असतं. या मुलांच्या मनात खोट नसते. जग पाहावं आणि कुणाच्या तरी उपयोगी पडावं, ही इच्छा चांगलीच आहे, ती कुणी मारू नये. पण सही करण्याआधी मी प्रत्येकाला एक गोष्ट विचारते: तिथल्या लोकांनी तुला बोलावलंय का? की तिथं नेणाऱ्या कंपनीने?

हे मी विचारते, कारण मी यजमानाच्या बाजूची आहे. मेळघाटात, धारणी तालुक्यात आम्ही कोरकू मुलींचं वसतिगृह चालवतो. आमच्याकडे अनेक वर्षं परदेशी तरुण येत आले आहेत. जाणाऱ्याला जे दिसत नाही, ते यजमानाला रोज दिसतं.

पूर्वी दहा-बारा दिवसांसाठी तुकडी आली की काय व्हायचं, ते सांगते. पाहुणे येणार म्हणून स्वयंपाकघरातल्या मावशी आठवडाभर आधीपासून पिण्याचं पाणी उकळून ठेवायला लागायच्या, कारण पाहुण्यांपैकी निम्म्यांचं पोट पहिल्या तीन दिवसांत बिघडणार, हे त्यांना ठाऊक असायचं. एक शिक्षिका दुभाषी म्हणून अडकायची आणि तिचे वर्ग बंद पडायचे. परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांत त्याची माहिती सरकारकडे भरावी लागते. ती भरण्यासाठी एका कार्यकर्त्याला रेंज मिळेल तिथवर मोटरसायकल दामटावी लागते. आणि मग पाहुणे मुलींना इंग्रजी शिकवायचे, म्हणजे तीच ती बालगीतं, हातवाऱ्यांसकट. पुढची तुकडी यायची आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. आमच्या मुली शहाण्या. त्यांना गाणं तोंडपाठ असायचं, तरी पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून त्या ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं शिकायच्या.

तुकडी परत गेली की पाचवी-सहावीतल्या मुली दोन-दोन दिवस धड जेवायच्या नाहीत. ज्या ताईने रोज वेणी घातली, कुशीत घेतलं, ती एका सकाळी जीपमध्ये बसून निघून जायची. आईबापांपासून आधीच लांब राहणाऱ्या मुलीने अशी किती माणसं जाताना पाहायची? यावर मला आजवर कुणाकडूनही समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. त्यामुळे आता आमचे नियम पक्के आहेत. सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी कुणाला घेत नाही. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट हवंच. मुलींसोबत एकटं राहायचं नाही, वसतिगृहात झोपायचं नाही, मुलींचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत.

याच वसतिगृहात जर्मनीहून एक फिजिओथेरपिस्टही येऊन गेली. आमच्याकडच्या एका मुलीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती आणि तिच्यासाठी माणूस हवा, असं आम्हीच कळवलं होतं. आल्यावर पहिला महिनाभर तिने उपचार सुरूच केले नाहीत. सकाळी मावशींसोबत तांदूळ निवडायची आणि त्यांच्याकडून कोरकू शिकायची. मग त्या मुलीच्या आईला गावाहून बोलावून घेतलं आणि तिच्याच हातांना व्यायाम शिकवले. खाटेला बांधायची दोरी, टेकायला गोधडीची गुंडाळी, सगळं घरात सापडेल तेच वापरलं. वर्षभराने ती जर्मनीला परत गेली, पण व्यायाम थांबले नाहीत, कारण ते आईच्या हातात होते. आमचं बोलावणं होतं, तिच्या अंगी कसब होतं, राहायला वेळ होता आणि जाण्याआधी काम दुसऱ्याच्या हाती सोपवायची तयारी होती. परदेशी जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने आपला कार्यक्रम या चार गोष्टींवर तपासून पाहावा.

सगळ्यात जास्त जपायचं ते अनाथालयांच्या बाबतीत. नेपाळमधल्या बालगृहांत राहणाऱ्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असल्याचं युनिसेफ सांगत आलं आहे. ही बालगृहं प्रामुख्याने काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवर एकवटलेली आहेत. हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतल्या आईबापांना ‘पोराला शहरात शिकवतो’ असं सांगून दलाल मुलं आणतात, कागदोपत्री अनाथ करतात आणि पाहुण्यांपुढे उभी करतात. कंबोडियातही तेच घडलं. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथल्या निवासी बालसंस्थांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. त्या काळात देशात अनाथ मुलं वाढली नव्हती, पैसे देणारे पाहुणे वाढले होते. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारला मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध घालावे लागले, ते दलाल मुलांना नेतील याच भीतीपोटी. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथालयातल्या स्वयंसेवेच्या अपायांची दखल घेतली. इतकं सगळं उघड असताना आपल्या कॉलेजातल्या मुलीने फी भरून काठमांडूच्या अनाथालयात पंधरा दिवस जावं, हे मला मान्य नाही. तिची माया खरी असली तरी तिची फी ज्या व्यवहाराला पोसते, तो मुलांना आईबापांपासून तोडतो.

दुसरा प्रश्न कसबाचा. आपल्या गावात जे काम करायची परवानगी आपल्याला नाही, ते परक्या गावातही करता कामा नये. युगांडातल्या जिंजा शहरात एका अमेरिकन तरुणीने वैद्यकीय शिक्षण नसताना कुपोषित बालकांचं केंद्र चालवलं. २०१० ते २०१५ या काळात तिथे शंभरावर मुलं दगावली. दोन मातांनी कोर्टात दाद मागितली आणि २०२० मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं. वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याला ‘तिकडे टाके घालायला मिळतील’ असं कुणी सांगत असेल, तर त्याने तिथूनच मागे फिरावं. मेळघाटातल्या बाळाला शिकाऊ हातांनी टाके घातलेले आपल्याला चालणार नाहीत, मग केनियातल्या बाळाला का चालावेत?

जुन्या, नावाजलेल्या संस्था याच वाटेने शहाण्या झाल्या. ब्रिटनच्या व्हीएसओने १९५८ मध्ये शाळा संपवलेल्या अठरा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात केली आणि पुढे ती प्रशिक्षित व्यावसायिकांकडे वळली. अमेरिकेच्या पीस कोअरचे स्वयंसेवक १९६१ ते १९७६ या काळात भारतातही होते. त्यांची मुदत २७ महिन्यांची असते आणि त्यातले पहिले तीन महिने भाषा आणि कामाच्या प्रशिक्षणात जातात. डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स ही संस्था कामाचा अनुभव असल्याखेरीज कुणाला पाठवत नाही, आणि ज्यांना पाठवते त्यांना मानधन देते. बॉनला मुख्यालय असलेली संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना, यूएनव्ही, फी घेत नाही. उलट निर्वाह भत्ता देते. घरी बसून करता येण्याजोगं ऑनलाइन कामही तिच्याकडे अठरा वर्षांवरील कुणालाही विनाशुल्क मिळू शकतं. म्हणून ‘फी भरल्याशिवाय परदेशात सेवा करताच येत नाही’ या सांगण्यावर विश्वास ठेवू नका. जिथे फी आहे तिथे ती कशाची, हे लेखी मागा. त्यातलं किती गावात पोचतं आणि किती जाहिरात नि कार्यालयावर खर्च होतं, हे सांगायला जी संस्था कचरते, तिला पैसे देऊ नयेत. आणि जी संस्था पैसे भरणाऱ्या कुणालाही, कितीही दिवसांसाठी, मुलाखत न घेता घेते, तिला तुमच्या कामाची गरज नाही, तुमच्या पैशाची आहे.

आता कागदपत्रं. आपल्याकडे नोंदणीकृत संस्थेत दीर्घ मुदतीचं मानद काम करायला येणाऱ्या परदेशी माणसाला भारत सरकार टुरिस्ट व्हिसावर काम करू देत नाही, एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. इतर देशांचेही असे नियम आहेत. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेतच आणि ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते. थायलंडसारख्या देशात विनावेतन कामालाही परवाना लागू शकतो. तेव्हा ‘आधी टुरिस्ट म्हणून या, पुढचं बघू’ असं कुणी म्हणालं तर जाऊ नका. पकडले गेलात तर परत पाठवले जाल तुम्ही, एजंट नाही. २०२२ पासून थायलंडमध्ये नोकरीच्या आमिषाने गेलेली भारतीय मुलं म्यानमारच्या म्यावाडीत सायबर गुन्हेगारांच्या तावडीत सापडली. त्यांचीही सुरुवात कित्येकदा अशाच टुरिस्ट व्हिसाने झाली होती. पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात देऊ नका. त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा नंबर घरी लिहून ठेवा. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे, ते पालकांनीही पाहून ठेवावं. पूर्व आफ्रिकेत जायचं तर पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. ते कार्ड नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर विलगीकरणात राहावं लागू शकतं. विमा घेताना आजारी माणसाला मोठ्या शहरात हलवण्याचा खर्च त्यात आहे का, ते वाचा. अपघात खेड्यात होतो, हॉस्पिटल राजधानीत असतं.

मग साध्या, कसब नसलेल्या तरुणाने जाऊच नये का? जावं, पण यजमानाच्या हाताखाली. पियेर सेरेसोल या स्विस इंजिनिअरने १९२० मध्ये व्हर्दूनजवळच्या युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या एका गावात स्वयंसेवकांचं पहिलं शिबिर घेतलं. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही चळवळ उभी राहिली. १९३४ च्या भूकंपानंतर ते बिहारमध्ये आले. राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याशी जोडून घेऊन, स्थानिकांसोबत कुदळ-फावडं हाती धरून त्यांनी गावं नव्याने वसवायला हातभार लावला. पन्नासच्या दशकात याच चळवळीचे तरुण आनंदवनात बाबा आमटे यांच्यासोबत बांधकामाला लागले. त्यांच्यातल्या अनेकांना गवंडीकाम येत नसेल, पण कुठे काय बांधायचं हे बाबा ठरवत होते, पाहुणे नाही.

आणि आपल्याच मातीतलं उदाहरण सोलापूरचं आहे. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर १९३७ मध्ये जनरल चू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. मुदत साधारण वर्षाची ठरली होती. बाकीचे टप्प्याटप्प्याने परतले, कोटणीस राहिले. चिनी शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. प्रत्येकाने त्यांच्याएवढा त्याग करावा असं मी म्हणत नाही. पण मागणी आल्यावर गेले, येत होतं तेच काम केलं आणि तिथली भाषा आपली केली, एवढं तरी त्यांच्याकडून घेता येईल.

विद्यार्थ्यांना माझं सांगणं, की परदेशी अर्ज भरण्याआधी एखाद्या मे महिन्यात बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत जाऊन या, किंवा आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या संस्थेत सलग काही महिने काम करा. तिथे हातून काय होतं आणि काय होत नाही, हे कळलं की परदेशात काय मागायचं तेही कळेल. पालकांनी माहितीपत्रकातल्या नंबरवर विसंबू नये. ज्या गावात मूल जाणार आहे, तिथल्या संस्थेशी थेट बोलावं आणि आधी जाऊन आलेल्या दोघा-तिघांना गाठावं. आणि कॉलेजांना, विशेषतः राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना, माझी विनंती आहे. असा कार्यक्रम घेऊन कुणी आवारात आलं, तर यजमान संस्थेचं मागणीपत्र, कामाचं स्वरूप, फीचा हिशेब आणि व्हिसाचा प्रकार, या चार गोष्टी लेखी घेतल्याशिवाय त्यांना मुलांपुढे उभं राहू देऊ नका.