चारही जळाले की एकच?
— गाडीवान

थंडी पडली की तलवाड्याकडच्या जुन्या डिझेल गाड्या सकाळी हटून बसतात. सुमो, ट्रॅक्स, प्यूजो इंजिनाची जीप, पहिली इंडिका. या इंजिनांत डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं, आणि गार इंजिनात ते पेटायला हीटर प्लगची ऊब लागते. नवा प्लग टाकला, महिनाभरात जळाला, पुन्हा टाकला. मग खापर फुटतं डुप्लिकेट मालावर. डुप्लिकेट माल बाजारात आहेच. पण दर खेपेला तोच कसा?

प्लग बहुतेकदा दुसऱ्याच्या पापाने जळतो. म्हणून जुना प्लग फेकायच्या आधी तो कितव्या सिलिंडरचा होता, ते खडूने लिहून ठेवा. फिरून फिरून एकाच सिलिंडरचा जात असेल आणि टोक वितळून झिजलेलं असेल, तर इंजेक्टर पाहा. फवारा न उडवता तो धार सोडत असतो. पंपाचं टायमिंग पुढे गेलं असेल तरी टोकं खाल्ली जातात, पण मग ती चारही.

चारही एकदम गेले आणि टोकं फुगलेली दिसली, तर वायरिंगचा दोष. इथे आपल्याकडची एक खोड सांगायलाच हवी. टायमर बिघडला की तो काढून डॅशबोर्डखाली सरळ बटण बसवतात. टायमर मोजून वीज देतो. बटणावरचा अंगठा गाडी चालू होईपर्यंत हलत नाही. काही ड्रायव्हर तर मे महिन्यात, गरम इंजिनावरही सवयीने ते दाबतात! रिले चिकटला तर त्याहून वाईट. इंजिन चालू झाल्यावरही वीज जातच राहते, आणि तीही अल्टरनेटरची, १४ व्होल्टची. गाडी चालू करून पाचेक मिनिटांनी प्लगच्या पट्टीला मीटर लावा. व्होल्टेज दिसलं तर चोर सापडला.

तपासणीचा दिवा सगळ्यांकडे असतो, पण पट्टी न काढताच तो लावतात. चारही प्लग पट्टीने जोडलेले असल्यामुळे मेलेल्या प्लगवरही दिवा लागतो, शेजाऱ्याच्या जिवावर. पट्टी काढा, दिव्याचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं एकेका प्लगला लावा. दिवा लागला नाही, तो प्लग मेला.

उन्हाळ्यात मेलेला प्लग कळत नाही, कारण गाडी त्याच्याविनाही चालू होते. म्हणून दिवाळीच्या आधीच हे पाहून घ्यावं.

फुगलेला प्लग मात्र जोर लावून ओढू नका. इंजिन गरम असताना हळूहळू मागेपुढे फिरवत काढा. टोक तुटून आत पडलं, तर हेड उतरवावं लागतं.