काफिया येतो, मग राइम का अडते?

गेल्या हिवाळ्यात पनवेलच्या आमच्या मोहल्ल्यात मी दहावीच्या मुलांची इंग्रजीची उजळणी घेत होते. मगरिबनंतर दीड तास. अर्धी मुलं उर्दू माध्यमाची, बाकीची मराठी माध्यमाची. पहिल्या दिवशी मी फळ्यावर शब्द लिहिले: थीम, टोन, इन्फरन्स, सिमिली, मेटाफर, राइम स्कीम, समरी. यातलं कुणाला काय येतं, असं विचारलं तर सगळ्यांना व्याख्या पाठ. एका मुलीने सिमिलीची व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. म्हटलं, आता तुझ्या मनाने एक बनव. ती खाली बघायला लागली.

दोष तिचा नाही. कृतिपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणाला 5 गुण असतात. शीर्षक, कवी, यमकाची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना एवढं गाइडमधून घोकलं की गुण पडतात. शाळेत मीही तेच केलं. मेटाफर म्हणजे काय, हे मला बी.ए.ला कळलं, तेही उर्दू शायरीच्या नादाने.

म्हणून दुसऱ्या दिवशी गाइड बंद केलं आणि कर्नाळ्याचा विषय काढला. गोवा हायवेने जाताना किल्ल्याचा तो सुळका आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलाय. तो अंगठ्यासारखा दिसतो, असं म्हटलं की झाली सिमिली. मराठीत उपमा, उर्दूत तश्बीह. 'सारखा' काढून टाकला आणि सरळ 'कर्नाळ्याचा अंगठा' म्हटलं की मेटाफर, म्हणजे रूपक, म्हणजे इस्तिआरा. मागून एक जण म्हणाला, "आपा, तो अंगठा येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना चिडवतो." वर्ग हसला. मी फळ्यावर पर्सोनिफिकेशन लिहिलं. मराठीच्या पुस्तकात हाच अलंकार चेतनगुणोक्ती या नावाने येतो आणि तिथेही तो पाठच केला जातो, हे जाता जाता सांगायला हवं.

राइम स्कीमला तर मला काही शिकवावंच लागलं नाही. वर्गात नात म्हणणारा एक मुलगा आहे. त्याला काफिया आणि रदीफ झोपेतही कळतात. गझलेच्या मतल्यात दोन्ही मिसऱ्यांना काफिया असतो, पुढे प्रत्येक शेरात फक्त दुसऱ्याला. हेच ए-ए, बी-ए, सी-ए असं लिहायचं. तो म्हणाला, "बस, एवढंच?" सुरेश भटांच्या वाटेने मराठी गझलेत हे शब्द रुळून किती वर्षं झाली! आपल्याकडे मात्र उर्दूचा तास वेगळा, मराठीचा वेगळा आणि इंग्रजीच्या तासाला दोन्ही भाषा दाराबाहेर.

इथे काही शिक्षक मित्र मला अडवतात. त्यांचं म्हणणं, इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच हवं, नाहीतर मुलं आयुष्यभर मनात भाषांतर करत बसतील. यात तथ्य आहे. बोलण्याचा सराव घेताना मीही मराठी-उर्दू चालू देत नाही. पण संज्ञा म्हणजे संभाषण नव्हे. कल्पना मुलाकडे आधीच असेल, तर तिला फक्त नवं नाव द्यायचं असतं. गल्लीत हंडे-बादल्यांची रांग दिसली की कुणी न सांगता आपण ओळखतो, आज पाणी येणार. हेच इन्फरन्स. शब्द अवघड वाटतो, काम रोजचं आहे.

आणि हे काम नुसतं 5 गुणांपुरतं नाही, हे जानेवारीत कळलं. एक मुलगा मोठ्या बहिणीच्या शिष्यवृत्तीचं इंग्रजी पत्र घेऊन आला. मोठ्याने वाचून दाखवलं, उच्चार बरे होते. विचारलं, पत्र काय मागतंय? गप्प. घरात चौघांनी ते वाचलं होतं आणि सगळ्यांची समजूत एकच, पैसे मंजूर झाले. मी त्याला तिघा मुलांबरोबर बसवलं. हे कुणी लिहिलंय, कुणासाठी, कशासाठी? शेवटी एका वाक्यात समरी. वीस मिनिटांनी चौथ्या ओळीतलं वाक्य सापडलं: उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही, तो आणून द्या. मुदतीला सहा दिवस उरले होते. बहीण दुसऱ्याच दिवशी तहसील कचेरीत गेली.

सगळ्यात जास्त झगडा झाला तो व्ह्यू-काउंटरव्ह्यूवर. दिलेल्या मताच्या विरुद्ध बाजूने लिहायचं, एवढाच तो प्रश्न. पण स्वतःच्या मताविरुद्ध लिहायला मुलं तयार होईनात. मोबाइल हवाच म्हणणाऱ्याने मोबाइल नको, असं लिहायचं? "मग मी हरलो ना, आपा!" हा हट्ट मला मोठ्यांतही दिसतो. आपल्या बैठकांत, व्हॉट्सॲप ग्रुपवर समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत मांडणारे किती भेटतात? बाहेरचे लोक आपल्याबद्दल ऐकीव मतं ठोकून देतात तेव्हा आपण पुरावा मागतो, आणि तो मागायलाच हवा. तोच पुरावा आपल्या ग्रुपवरच्या फॉरवर्डला कुणी मागितला, की त्याला गप्प बसवतात. फॅक्ट कुठे संपते आणि ओपिनियन कुठे सुरू होतं, हे तिथे कुणी विचारत नाही.

त्या मुलाने शेवटी मोबाइलविरुद्ध आठ ओळी लिहिल्या. बऱ्या होत्या. वही परत घेताना म्हणाला, "अम्मीला दाखवू नका."