शब्दविचार : रवंथ

दरवर्षी 'शेमिनी' हा पराशा आला की खाण्यास योग्य अशा पशूंची दोन लक्षणे आपल्या कानी पडतात. खूर दुभंगलेले असावेत आणि पशू 'मआले गेरा' असावा. ह्या दुसऱ्या लक्षणाला मराठीत रवंथ करणे म्हणतात. कोकणात ज्यांच्या दारी गाय किंवा शेळी बांधलेली असे, त्यांना हा शब्द कोणी समजावून सांगावा लागत नसे. इस्राएलात जन्मलेल्या नातवंडांना मात्र 'गेरा' ठाऊक असते, रवंथ ठाऊक नसतो. म्हणून ह्या खेपेस आम्ही तोच शब्द घेतला आहे.

रवंथ आला संस्कृत 'रोमन्थ' ह्या शब्दावरून. त्यापासून क्रियापद कसे साधावे हे सांगण्यासाठी पाणिनीने एक सूत्रच रचले, आणि गंमत अशी की त्या सूत्रात रोमन्थाच्या शेजारी बसविले आहे ते तप! पुढे वैयाकरणांनी खुलासा केला, की जेथे जबडा हलतो तेथेच हे क्रियापद योजावे. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंत शिकार थांबवितो, तेव्हा सावलीत जमलेल्या हरिणांनी आता स्वस्थपणे रवंथ करावा असे म्हणताना तो 'अभ्यास' ह्याच धातूचे रूप वापरतो. आपण मुलांना 'अभ्यास कर' म्हणतो, तोच हा अभ्यास. म्हणजे पुनःपुन्हा करणे.

आता 'गेरा'कडे वळू. राशीच्या मते ह्या शब्दाचे नाते वाहत्या पाण्यासाठी योजलेल्या शब्दाशी असू शकेल, कारण गिळलेला घास पुन्हा तोंडाकडे ओढला जातो. ओन्केलोसच्या अरामी भाषांतरात ह्याच ठिकाणी 'पिश्रा' असा शब्द आहे. अन्न त्यात विरघळते म्हणून, असे राशी सांगतो. दानीएलच्या ग्रंथात नबुखद्नेस्सर राजाच्या स्वप्नाचा जो उलगडा होतो, त्यालाही 'पिश्रा'च म्हटले आहे. अक्षरे तीच. घास विरघळला की तो अंगी लागतो आणि स्वप्न विरघळले की त्याचा अर्थ लागतो. मराठीतले 'लागणे' येथे दोन्हीकडे कामास येते, हे आम्हांस मोठे मौजेचे वाटते.

मननासाठी हिब्रूत 'हागा' हा धातू आहे. यहोशवाला रात्रंदिवस तोराचे मनन करण्याची आज्ञा झाली ती ह्याच धातूने. आणि यशायाच्या ग्रंथात सिंह भक्ष्यावर गुरगुरतो, पारवा घुमतो, तेथेही हाच धातू. मराठीतले मनन मुकाट्याने मनात चालते. हिब्रूतले ओठांवर चालते.

मराठी भाषा चर्वणाला फारसा मान देत नाही. चर्वितचर्वण म्हटले की कंटाळा आला. विषय चघळला म्हटले की वेळ गेला. आणि शेवटी चावून चोथा. नवगावच्या किनाऱ्याशी फुटलेले गलबत, वाचलेली सात जोडपी, विसरलेल्या प्रार्थना आणि न विसरलेले 'शेमा', ह्या आपल्या कथेचाही चावून चोथा झाला, असे तरुण मंडळी म्हणतात. त्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावीत नाही. पण चोथा उसाचा होतो, रस निघून गेल्यावर. ह्या कथेचा रस कोणी काढला आहे? वडील मंडळी ती त्याच शब्दांत सांगतात, मुले त्याच शब्दांत गिळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या कीर्तनकारांनी तोरातील कथा मराठी कीर्तनातून सांगितल्या, त्या श्रोत्यांना आधीच माहीत होत्या. तरी लोक रात्र रात्र बसत, कारण कथेचा प्रत्येक घास तेथे पुन्हा वर आणला जाई.

एकच प्रश्न घ्या. सारे गेले तरी 'शेमा'च का उरले? ते लहान आहे, हे एक. दुसरे आम्हांस अधिक पटते. सुंता असो, लग्न असो वा दफन, प्रत्येक प्रसंगी तेच म्हणावयाचे. पुस्तक नसले तरी ते तोंडात फिरत राहिले. पण तेलाच्या घाण्यावर पोट असताना शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा निश्चय पिढ्यान्‌पिढ्या कसा टिकला, ह्याचे उत्तर एवढ्याने मिळत नाही. शब्बाथच्या जेवणानंतर हे घरोघर विचारून पाहावे, आणि आजी-आजोबांनी आपल्या गावी ऐकलेले जे काही सांगितले असेल ते आमच्याकडे लिहून पाठवावे. 'रवंथ' ह्या शब्दाचा निराळा उच्चार घरी कानावर असल्यास तोही कळवावा.