व्हेप : ‘नुसती वाफ’ की नवा सापळा?

‘अरे, सिगरेट नाही, व्हेप आहे. नुसती वाफ!’ कॉलेजच्या कट्ट्यावर हे वाक्य हल्ली सहज ऐकू येतं. पेनड्राइव्हएवढं यंत्र, आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा फ्लेवर, ना राख ना धूर. मग बिघडलं कुठे?

आधी ही ‘वाफ’ म्हणजे काय ते बघू. बॅटरीवर तापणारी तार एका द्रवाला तापवते. त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. म्हणजे ही पाण्याची वाफ नव्हेच. तंबाखू जळत नसल्यामुळे सिगरेटमधलं टार यात नसतं, हे मात्र खरं. म्हणूनच ब्रिटनची आरोग्ययंत्रणा सिगरेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना व्हेपचा पर्याय देते. निकोटिनच्या गम-पॅचपेक्षा व्हेपने जास्त जणांची सिगरेट सुटते, असं चाचण्यांतही दिसलंय.

पण हा हिशोब आधीपासून ओढणाऱ्यांचा. ज्याने सिगरेटला कधी हातच लावला नाही, त्याला ‘सिगरेटपेक्षा बरं’ या तुलनेचा काय उपयोग? त्याच्या पदरी फक्त नवं व्यसन. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते आणि त्या वयात निकोटिनची चटक लवकर लागते. खुद्द ब्रिटननेही 1 जून 2025 पासून वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आणली. शाळकरी मुलांच्या हातात ते सर्रास दिसू लागले, हे त्याचं एक मोठं कारण.

आपल्याकडे 2019 च्या कायद्याने ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळंच बंद आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सिगरेट मात्र टपरीवर राजरोस मिळते. ही विसंगती आहेच आणि त्यावर जरूर वाद घाला. पण बंदीचा एक अर्थ विसरू नका : तुमच्यापर्यंत आलेला व्हेप चोरट्या मार्गाने आलाय, आत काय आहे ते कुणीच तपासलेलं नाही. अमेरिकेत 2019-20 मध्ये व्हेपिंगमुळे फुप्फुसं निकामी होऊन 68 जण दगावले. त्यातल्या बहुतेकांनी गांजातल्या टीएचसीची कार्ट्रिज वापरली होती. त्यांतल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर मुख्य ठपका आला. लेबलवरून हे कुणाला कळणार होतं?

सिगरेट किंवा व्हेप सोडायचंय? 1800-11-2356 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. आणि सुरुवातच केली नसेल, तर कट्ट्यावर पुढच्या वेळी एवढंच विचारा : ‘यात नेमकं आहे काय?’ उत्तर देणाऱ्यालाही ते ठाऊक नसेल.