पहिल्या शिक्षिकेला वेतनश्रेणी हवी

बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचा संसार मांडला. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शंख-शिंपले, पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात गेली. लहान मुलांना शिकवणे हे शास्त्र आहे आणि ते शिकून घ्यावे लागते, अशी या दोघींची धारणा होती. त्यांच्याच महाराष्ट्रात आज तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणारी अंगणवाडी सेविका सरकारदरबारी शिक्षिका नाही. ती मानधनावरची स्वयंसेविका आहे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५मध्ये सुरू झाली, तेव्हापासून ही व्यवस्था चालत आली आहे. केंद्राने सेविकेचे मानधन २०१८मध्ये ठरवले ते महिना ४,५०० रुपये. राज्य त्यात आपली भर घालते, पण त्यातील प्रत्येक वाढीसाठी संप करावा लागतो. डिसेंबर २०२३मध्ये राज्यातील अंगणवाड्यांना टाळे लागले ते याचसाठी. त्यात सेविकेकडे कामेही अनेक: लसीकरण, गृहभेटी, वजन-उंचीच्या नोंदी, पोषण आहाराचे वाटप, मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरणे, शिवाय वेळोवेळी येणारी सर्वेक्षणे. एवढे सगळे उरकून मुलांसमोर बसायला तिला वेळ उरतो किती?

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पाया मानला. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, कमी शिकलेलीला वर्षाची पदविका, असेही त्यात आहे. हे स्वागतार्हच. मात्र पदविका घेतल्यावर पगार किती वाढणार, पद कोणते मिळणार, याचे उत्तर धोरणात सापडत नाही. त्याच पायाभूत टप्प्यात पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या जिल्हा परिषद शिक्षकाला वेतनश्रेणी असते. अंगणवाडीतल्या बाईंना नसते. मुलांवर मनापासून जीव असलेली हुशार मुलगी मग डी.एल.एड. करून प्राथमिक शाळेची वाट धरते. तिला दोष कसा देणार? खासगी बालवाड्यांत शुल्क चढते, पण बाईंचा पगार तिथेही वाढत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२मध्ये सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. अंगणवाडीत चालते ते पूर्वप्राथमिक शिक्षणच आहे, हेही त्या निकालात स्पष्ट झाले. त्यानंतर तरी राज्याने पुढचे पाऊल उचलायला हवे होते. प्रशिक्षित सेविकेला ‘बालशिक्षिका’ म्हणून नेमावे, वेतनश्रेणी द्यावी, पोषण-आरोग्याच्या नोंदींसाठी वेगळे मनुष्यबळ द्यावे आणि पर्यवेक्षिकापदावरील बढतीचा रस्ता अनुभवी सेविकांना वेळच्या वेळी मोकळा ठेवावा. यासाठी पैसा लागेल, आणि तो येत्या अर्थसंकल्पात शिक्षणाच्या खर्चाखाली दिसला पाहिजे.