आडोसा

नाताळच्या खरेदीहून परतलेली आमच्या धर्मग्रामातील एक माता रविवारच्या मिस्सानंतर आम्हांस भेटली. सोबत सतरा वर्षांची मुलगी होती. शहरातील एका मोठ्या दुकानात मुलीने दोन-तीन ड्रेस निवडले आणि त्या दोघी ट्रायल रूमपाशी गेल्या. तेथे स्त्री-पुरुषांची एकच रांग. खोल्या म्हणजे प्लायवूडचे खण. खालून वीतभर मोकळे, वर छत नाही, एका दाराची कडी निखळलेली. स्त्रियांसाठी वेगळी सोय आहे काय, असे मातेने विचारले तेव्हा विक्रेता तरुण हसून म्हणाला, "आंटी, हल्ली सगळीकडे असंच असतं. कोणी काही बोलत नाही." मुलीने ड्रेस अंगाला न लावताच घेतला. घरी तो खांद्यात आवळला, आणि विकलेला माल परत घेतला जाणार नाही अशी पाटी दुकानात होतीच. "फादर, आम्ही फार जुन्या विचारांच्या आहोत का?" असे त्या मातेने आम्हांस विचारले.

नाही, असे आमचे उत्तर आहे. ते चर्चच्या दारात उभ्या उभ्या देऊन भागण्याजोगे नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. कापड मीटरवर घ्यावे, शिंप्याकडे माप द्यावे आणि शिवलेला कपडा घरी घालून पाहावा, अशी रीत होती. तयार कपडे आले तशी ते घालून पाहण्याची जागा दुकानदाराने देणे ओघानेच आले. पण दुकानातील प्रत्येक चौरस फुटाला भाडे पडते. खोल्यांची एक रांग दोन रांगांपेक्षा स्वस्त, आणि तिच्यापाशी एकच नोकर उभा केला की भागते. हा सरळ हिशेब आहे, आणि हिशेब करणे हे पाप नव्हे. आमचा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. स्वतःच्या काटकसरीला आधुनिकता असे नाव द्यावयाचे आणि तिला हरकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मागासलेले ठरवावयाचे, ही लबाडी आहे.

ही भीती मनाचे खेळ आहे काय? ३ एप्रिल २०१५ रोजी, शुभ शुक्रवारी, गोव्यात कांदोळी येथील एका दुकानात तत्कालीन केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांना कपडे बदलण्याच्या खोलीच्या रोखाने लावलेला कॅमेरा दिसला आणि पोलिसांत तक्रार झाली. तो विक्रीदालनावरील पाळतीचा कॅमेरा होता, असे दुकानचालकांचे म्हणणे होते. हेतू काय होता याचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. पण केंद्रीय मंत्र्याला जेथे स्वतःच मान वर करून कॅमेरा शोधावा लागतो, तेथे आमच्या कोळीवाड्यातील वा वाडीतील मुलीने कोणाच्या भरवशावर निर्धास्त राहावे?

कायद्यानेही ही भीती खरी मानली आहे. एकांतात असलेल्या स्त्रीला चोरून पाहणे वा तिचे छायाचित्र घेणे हा २०१३ च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ अन्वये पहिल्या अपराधाला किमान एक आणि कमाल तीन वर्षांची कैद आहे. परंतु कायदा गुन्हा घडल्यावर धावून येतो. कडी आणि भिंत तो घडूच देत नाहीत.

आम्ही धर्मगुरू आहोत, तेव्हा केवळ भीतीवर थांबणे आम्हांस शोभणार नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात पापानंतर आदाम आणि हव्वा लपून बसतात, तेव्हा परमेश्वर त्यांच्या उघडेपणाची थट्टा करीत नाही. तो स्वतः त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रे करतो. माणसाला दिलेला तो पहिला आडोसा. पुढे पोप जॉन पॉल दुसरे म्हणून जग ज्यांना ओळखू लागले, त्या कारोल वोयतिवा यांनी क्राकोचे साहाय्यक बिशप असताना, १९६० मध्ये, 'प्रेम आणि जबाबदारी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात लज्जेचा तात्त्विक विचार आहे. शरीर वाईट आहे म्हणून माणूस ते झाकत नाही; आपण कोणाच्या उपभोगाची वस्तू नाही, हे त्याला सांगावयाचे असते. या अर्थाने शालीनता म्हणजे सोवळेपणा नव्हे, तो स्वाभिमान आहे. आडोसा मागणारी मुलगी आपल्या देहाला कमी लेखत नाही. दुकानापेक्षा तिलाच त्याचे मोल अधिक कळले आहे.

आता विरुद्ध बाजूचेही ऐकले पाहिजे. लहान मुलीला घेऊन आलेल्या बापाने काय करावे? थकलेल्या आईला कपडे घालण्यास मदत करणाऱ्या मुलाने कोठे उभे राहावे? प्रश्न रास्त आहेत. त्यासाठी एक प्रशस्त कुटुंब-खोली निराळी ठेवावी. चौघांच्या अडचणीवर तोडगा म्हणून चाळीस जणींची अडचण करू नये. तृतीयपंथी व्यक्तींचे काय, असेही विचारले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्यांची ओळख मान्य केली आहे, आणि प्रभू येशूने समाजाबाहेर टाकलेल्यांना कधी दूर लोटले नाही. त्यांची कुचेष्टा करणाऱ्याने आमच्या या लेखाचा आधार घेऊ नये. जमिनीपासून छतापर्यंत भिंती असलेली, आतून नीट लागणारी एकेकट्याची खोली त्यांनाही तितकीच हवी आहे.

ब्रिटनमध्येही अशा सामायिक खोल्यांवरून स्त्री-ग्राहकांनी आवाज उठविला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी समता कायद्यातील 'स्त्री' या शब्दाचा अर्थ जैविक स्त्री असा लावला, आणि त्याच वेळी लिंगबदल केलेल्यांनाही भेदभावापासून संरक्षण आहे, हे स्पष्ट केले. म्हणजे ज्या पश्चिमेचा दाखला आमचे दुकानदार देतात, तेथेही हा प्रश्न जुनाट मानून निकालात निघालेला नाही.

दुकानदाराला बोल लावून आम्हांस हात झटकता येणार नाहीत. आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात स्नेहसंमेलनाच्या रात्री काय चालते? रंगमंचामागे एकच खोली, मध्ये चादर टांगलेली. एका बाजूला मुलगे, दुसऱ्या बाजूला मुली. वर्षानुवर्षे हे आम्ही पाहिले आणि "दोन तासांचा तर प्रश्न" म्हणून सोडून दिले. आमचे हे उत्तर त्या विक्रेत्याच्या उत्तराहून वेगळे कोठे होते? यंदाच्या नाटकापूर्वी तेथे पक्की भिंत आणि दोन दारे होतील. देणगीची थाळी फिरेल तेव्हा हे ध्यानात असू द्यावे.

आणि माता-भगिनींनो, दुकानात गप्प बसू नका. वेगळी सोय मागा; नसेल तर निवडलेले कपडे तेथेच ठेवून शांतपणे निघून या, आणि का निघालो ते मालकाला सांगा. "कोणी काही बोलत नाही" हाच त्या विक्रेत्याचा एकमेव आधार होता. तो काढून घेणे तुमच्या हाती आहे.